ओल्या चादरीची कमान

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला ऐन जेवताना 'कॉन्सेप्ट काय?', म्हणजे डिझाइनमागची मूळ कल्पना कोणती, असं विचारलं तर घास घशातच अडकतो. मग शीटवर कमळ, शंख, मधमाशांचं पोळं ही नेहमीची मंडळी अवतरतात आणि परीक्षक चष्मा काढून डोळे चोळतात. माझं ऐका, बाल्कनीत जा. कपडे वाळत घालायची दोरी आहे ना, तीच कॉन्सेप्ट म्हणून घ्या.

दोरी सैल दिसली की घरातून फर्मान सुटतं, "जरा ताणून बांध, चादर लादीला लागतेय." इथे गणित सुरू होतं. हुकांमधलं अंतर ३ मीटर, ओले कपडे ६ किलो, सारखे पसरलेले. मधला झोल ३० सेंटिमीटर असेल तर हुकावर आडवी ओढ साडेसात किलोची. झोल १० वर आणलात की साडेबावीस. ५ वर आणलात की ४५! ओझं तेवढंच, वाढला तो फक्त तुमचा नीटनेटकेपणा. मग रावळप्लग (हुक धरणारी भिंतीतली गुल्ली) गिलाव्यासकट हातात येतो आणि "कसला रे तू इंजिनियर!" ऐकावं लागतं. आर्किटेक्ट वेगळा, हे सांगायची ती वेळ नसते.

झोल ही दोरीची अक्कल आहे. नुसत्या स्वतःच्या वजनाने लोंबणारी दोरी कॅटेनरी हा वक्र घेते, तिच्यात फक्त ताण असतो. तोच वक्र उलटा करा, फक्त दाब उरतो. झाली दगडविटांची कमान. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने हे १६७५ मध्ये छापलं, पण कुणी ढापू नये म्हणून अक्षरांची सरमिसळ करून. (ज्युरीपुढे, म्हणजे डिझाइन तपासणाऱ्या परीक्षकांपुढे, ही युक्ती चालत नाही.) स्पेनचा आर्किटेक्ट गाउदी याने बार्सेलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल चर्चचा आकार शोधायला दोऱ्यांना छऱ्यांच्या पिशव्या टांगल्या. स्वित्झर्लंडचा इंजिनियर हाइन्झ इस्लर याने कापडच लटकवून काँक्रीटच्या पातळ छपरांचे आकार शोधले. मधोमध एकटी ओली जीन्स टाकलीत तर मात्र दोरीचा 'व्ही' होतो. तो उलटवला की साधं दुपाखी कौलारू घर.

अशा छपराच्या मॉडेलला ४५ सेंटिमीटरचा मलमलचा चौकोन पुरे. प्लास्टर ऑफ पॅरिस दोन वाट्या, पाणी एक. पावडर पाण्यात सोडायची. उलट केलंत तर गुठळ्या होतात. दहाएक मिनिटांत ते दाटू लागतं, त्याआधीच कापड बुडवून, निथळून, चारही कोपऱ्यांनी टांगा. कोपऱ्यांशी चुण्या पडणारच, सगळी ओढ तिथेच एकवटते. रात्रभर हात लावू नका, ओलं उलटवलंत तर छप्पर पोटात जाईल. उलटवल्यावर हुक उपटणारी तीच ओढ आता पाय बाहेर ढकलते, म्हणून एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) पाटीत खाचा पाडून पाय अडकवा, नाहीतर समोरासमोरचे पाय तारेने बांधा.

उरलेलं प्लास्टर टाकाऊ डब्यात वाळू द्या. सिंकमध्ये ओतलंत तर ते पाइपातही तितक्याच निष्ठेने घट्ट होतं, आणि प्लंबर येईपर्यंत घरची भांडी बाथरूममध्ये घासावी लागतात. कोणी घासायची, हे सांगायला नको.