सुगरणीचे अर्धे खोपे उतरवू नका

पावसाळा लागला की एक मेसेज दरवर्षी फिरतो. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. त्यातला मजकूर असा: सुगरण आई पिलांसाठी घरटं विणते, रात्री उजेड हवा म्हणून ओल्या मातीत काजवे चिकटवते, अर्धवट घरटी ती सोडून देते, अशी घरटी आणून बाल्कनीत टांगली की सुगरण राहायला येते. दुसऱ्याच दिवशी बागेतल्या शिंदीवरचे दोन खोपे कुणीतरी काठीने पाडून नेले, म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे, विणतो तो नर. विणीच्या दिवसांत ज्याचा माथा पिवळाधमक होतो, तोच. भाताच्या नाहीतर गवताच्या पात्याच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, ती कड पकडतो आणि तसाच उडतो. पातं उभं फाटत जातं आणि लांबलचक दोरा सुटून येतो. एका खोप्यासाठी अशा शेकडो खेपा होतात. मादी दिसायला चिमणीसारखी, मातकट. आतलं मऊ अस्तर घालणं आणि अंडी उबवणं ही कामं तिची.

काजव्यांचं म्हणाल तर खोप्यात मातीचे गोळे खरंच सापडतात. पण ते नर लावतो आणि खोपा अर्धा असतानाच लावतो. तेव्हा आत अंडंही नसतं, मग दिवा कुणासाठी? शिवाय मेलेला काजवा रात्रभर उजेड देत नाही. माती नेमकी कशासाठी, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. वाऱ्यात खोपा कमी हलावा म्हणून वजन, हे मला जास्त पटतं.

खरं नुकसान होतं ते अर्धवट घरट्यांबद्दलच्या दाव्याने. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची वसाहत बारकाईने पाहिली आणि हे कोडं उलगडलं. नर टोपीसारखा अर्धा खोपा विणून थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून तपासतात. त्या वेळी तो खोप्याखाली लोंबकळून पंख फडफडवत ओरडत असतो. एखादीला खोपा पसंत पडला तरच तो अंड्यांची खोली आणि खालची लांब नळी पुरी करतो, आणि मग दुसरा खोपा सुरू करतो. म्हणजे शिंदीवरचा अर्धा खोपा बहुधा पसंतीची वाट पाहत असतो. तो पाडला की आठवडाभराची मेहनत गेली.

बाल्कनीत टांगलेल्या खोप्यात सुगरण येणार नाही. नर आपला खोपा स्वतः विणतो, तोही इतर नरांच्या सोबतीने, शक्यतो पाण्यावर झुकलेल्या किंवा काटेरी झाडावर. जुने खोपेही वाया जात नाहीत, त्यांत कधीकधी मुनिया हे छोटे पक्षी राहतात. आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार अशा पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं हे शिकारीतच मोजलं जातं.

शिंदीवर अजून चार खोपे आहेत. झावळ्यांची छाटणी दिवाळीनंतर करावी, असं मी कमिटीला लेखी दिलं आहे.