पोटरीवरच्या गाठींना सुई लावू नका

"पोटरीवर लाल-जांभळ्या गाठी म्हणजे साठलेलं अशुद्ध रक्त. रगडा, सुईने टोचून रक्त वाहू द्या, तीन आठवड्यांत गाठी जातील. बायोप्सी केलीत तर आजार अंगभर पसरेल. रुग्णाचे कपडे वेगळे ठेवा." फिरत फिरत हा मजकूर माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने ठरलेली बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून करायची तपासणी, रद्द केली. तिच्या डॉक्टरांना शंका आहे एरिथेमा इंड्युरेटमची. दुर्मीळ आजार, पण नवा नव्हे. फ्रेंच डॉक्टर अर्नेस्ट बाझँ यांनी 1861 मध्येच त्याचं वर्णन केलं आहे.

सुई टोचण्याचा सल्ला सगळ्यात घातक. त्या गाठीत रक्त साठलेलं नसतंच. त्वचेखालचा चरबीचा थर आणि त्यातल्या रक्तवाहिन्या सुजलेल्या असतात. रक्तपुरवठा तुटला की तिथली चरबी मरते आणि गाठ आपणहूनही फुटते. ती जखम लवकर भरत नाही, भरली तरी व्रण ठेवून जाते. अशा जागी सुई खुपसायची म्हणजे बाहेरच्या जंतूंना आत घ्यायचं. आधीच सुजलेली जागा रगडायचीही नसते.

बायोप्सीने हा आजार पसरत नाही. उलट तुकडा चरबीपर्यंत खोल घ्यावा लागतो, कारण निदान तिथेच होतं.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे, पण ते दुसऱ्या आजाराचं. एरिथेमा नोडोसमच्या गाठी बहुधा नडगीवर येतात, सहसा फुटत नाहीत आणि पुष्कळदा काही आठवड्यांत ओसरतात. त्यांच्याही मागे घशाचा संसर्ग, एखादं औषध किंवा टीबी असू शकतो, तेव्हा तपासणी टळत नाहीच.

आणि टीबीबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही! याचाच मला सर्वांत जास्त राग आला. एरिथेमा इंड्युरेटमच्या अनेक रुग्णांत शरीरात कुठेतरी टीबीचा संसर्ग सापडतो, कधी सुप्त, कधी सक्रिय. काहींच्या गाठींतून पीसीआर तपासणीत टीबीच्या जंतूंचा डीएनएही मिळाला आहे. सगळ्यांनाच टीबी असतो असं नाही, पण मांटू (टीबीच्या संसर्गासाठी हाताच्या कातडीत टोचून करायची चाचणी) किंवा रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे केल्याशिवाय ते कळायचं कसं? गाठींना किंवा कपड्यांना हात लावून हा आजार होत नाही. फुफ्फुसात सक्रिय टीबी असेल तर मात्र तो खोकल्यातून घरच्यांना होऊ शकतो. टीबी निघालाच तर औषधांचा पूर्ण कोर्स, साधारण सहा महिन्यांचा. गाठी आधीच बसल्या म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर आजार उलटतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात.