प्रवाळ आधी, लोखंड नंतर

डायव्हिंगच्या बकेट लिस्ट वाचल्या की माझं डोकं फिरतं. गालापागोस, ग्रेट बॅरियर रीफ, पलाऊ, रेड सी, मालदीव. जागा एकेक भारीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण क्रम लावलेला असतो तो नुसता नावाच्या वजनावर. ज्याला पुढची पंधरा-वीस वर्षं नोकरी, पोरांच्या शाळा आणि घराचे हप्ते सांभाळून डायव्ह करायचंय, त्याचं असा क्रम लावून भागत नाही. माझ्या मते यादी करताना एकच प्रश्न विचारावा: यातलं आधी काय जाणार? समुद्रातलं आणि आपल्या अंगातलंही. जे आधी जाणार ते आधी बघायचं. याच हिशेबाने मी आमची यादी नव्याने लिहायला घेतली आणि ती पार उलटीपालटी झाली.

सगळ्यात आधी जाणार ते प्रवाळ. प्रवाळ हा प्राणी, आणि त्याच्या पेशींमध्ये राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला जेवू घालतं, रंगही देतं. उन्हाळ्यात पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो. मग खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं, नाही निवलं तर उपासमार. आपल्या लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं ब्लीचिंग, म्हणजे प्रवाळाचं असं पांढरं पडणं, जाहीर केलं. ही सालं नुसती मांडून बघा. २०१० पासून दोन तडाख्यांच्या मधे प्रवाळाला सावरायला मिळतो तो वेळ दशकभराचासुद्धा नाही.

अंदमानात असा एक रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक, मी जवळून पाहिलाय. फांद्यांचं प्रवाळ उभंच्या उभं, पण सगळ्यावर तपकिरी शेवाळाची लव. हात लावायची गरजच नाही, एखाद्याच्या पायातल्या फिनचा झोत लागला तरी टोक मोडून खाली पडतं. आणि त्याच पडझडीत एका दगडावर तळहाताएवढी नवी वसाहत, कडेला जांभळी, मधे पिवळट. तिच्या भोवती दोन छोटे मासे पहारा दिल्यासारखे फिरत होते. डीएमने, म्हणजे आम्हाला पाण्याखाली नेणाऱ्या डाइव्हमास्टरने, बोट दाखवलं नसतं तर मी वरून निघून गेले असते.

म्हणून माझ्या यादीत पहिला नंबर लक्षद्वीपचा. भारतात प्रवाळाची कंकणद्वीपं, म्हणजे कड्यासारखी गोल बेटं, आहेत ती फक्त तिथे, आणि पासपोर्टही लागत नाही. परवाना मात्र भारतीयांनाही लागतो, आणि बरंच आहे. त्यानंतर इंडोनेशियातलं राजा अम्पात. कोरल ट्रँगल नावाच्या ज्या पट्ट्यात ते आहे, त्यात जगातल्या ज्ञात प्रवाळ-जातींपैकी जवळपास पाऊण हिस्सा सापडतो. सोरोंगपर्यंत विमान, तिथून पुढे बोट, खिशाला मोठी कात्री. पण हे 'रिटायर झाल्यावर बघू' या खात्यात टाकायचं नाही, कारण तिथले करंट रिटायर झालेल्या गुडघ्यांसाठी नाहीत. आणि शिकाऊ माणसासाठीही नाहीत, म्हणून आधी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वरखाली न होता एका पातळीवर तरंगत राहणं, नीट जमली पाहिजे. नाहीतर इतका खर्च करून जायचं आणि तिथल्या प्रवाळावर फिन मारत फिरायचं, हे पाप आहे.

आता लोखंड. बुडालेली जहाजं मी मुद्दाम मागे ढकलली. रेड सीमधलं थिसलगॉर्म ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडालं. पोटात ब्रिटिश सैन्याच्या मोटरसायकली आणि ट्रक अजून तसेच आहेत, साधारण तीस मीटरवर. तेही गंजतंय, बोटी नांगर बांधून बांधून त्याची वाट लावतायत, मान्य. पण ऐंशीच्या वर वर्षं उभं राहिलेलं लोखंड आणखी दहा वर्षं थांबेल. प्रवाळाबद्दल असं कोणी म्हणू शकत नाही.

याला माझ्यापुरता अपवाद फक्त बालीच्या तुलांबेनचा, कारण तिथे लोखंडावरच प्रवाळ आहे. 'लिबर्टी' नावाच्या अमेरिकन मालवाहू जहाजाला जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, कसंबसं ओढून ते किनाऱ्यावर आणलं, आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. त्यामुळे तिथे बोट लागतच नाही, किनाऱ्यावरून चालत आत शिरायचं. किनारा सगळा काळ्या गोट्यांचा. हवेचे टँक वाहून आणतात त्या गावातल्या बायका. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडवा टँक, पायात साध्या सपाता, आणि चाल अशी की टँक तसूभर हलत नाही. आपण मात्र बूट चढवून त्याच गोट्यांवर एकमेकांना धरून धडपडत असतो. नवरा डायव्ह करत नाही, तो किनाऱ्यावर चहा पीत हे सगळं बघतो. ट्रिपमधला सर्वात करमणुकीचा भाग हाच, असं त्याचं मत.

यादी करणारे आणखी एक गोष्ट विसरतात ती सुट्ट्यांची. आपल्या घरांमध्ये वर्षाला दोनच मोठ्या खिडक्या असतात, मे आणि दिवाळी. समुद्राला त्याचं काही पडलेलं नाही. थायलंडची सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, म्हणजे ती दिवाळीची. राजा अम्पातचा हंगामही ऑक्टोबरला सुरू होतो, तेही दिवाळीच. कोमोडो आणि बाली मेमध्ये छान. अंदमानचा खरा हंगाम डिसेंबर ते एप्रिल, पण नाताळात तिकिटं आणि गर्दी बघून पाण्याआधी घाम फुटतो. आणि पावसाळ्यात आपल्याकडे मालवण बंद असतं तेव्हा जे नैऋत्येचे वारे आपल्याला पाऊस देतात, तेच मालदीवच्या हनिफारू खाडीत प्लँक्टन, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, गोळा करतात आणि मांटा रे हे पंखांसारखे पसरट, मोठे मासे तिथे झुंडीने चरायला येतात. गंमत म्हणजे तिथे टँक घेऊन उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल, म्हणजे तोंडात नळी धरून वरवर पोहणं. म्हणजे नवरासुद्धा येऊ शकतो. ही नोंद मी यादीत लाल शाईने केलीय.

पॅकेजवाल्यांच्या 'चार रात्री पाच दिवस' प्रकाराने डायव्हरचं भागत नाही, हेही गणितात धरा. सलग काही दिवस डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास पाण्याबाहेर काढावे लागतात, अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला. म्हणजे शेवटचा दिवस कोरडा. कमी दिवसांत जास्त जागा उरकायची घाई इथे चालत नाही, त्यापेक्षा एकाच जागी आठ-दहा दिवस राहावं. 'प्रवाळ मरतोय म्हणून विमानाने जाऊन बघता, त्या विमानाचं काय?' असं माझी बहीण विचारते. तिला माझ्याकडे चोख उत्तर नाही. विमानं कमी आणि मुक्काम लांब, एवढंच माझ्याने होतं.

शरीराचं म्हणाल तर डायव्हिंगच्या मेडिकल फॉर्मवर एक प्रश्न पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीच असतो. सिगरेट, बीपी, कोलेस्टेरॉल, घरात हृदयविकार, यातलं काही असेल तर डॉक्टरांची सही आणा. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो. थंड पाणी, जोराचे करंट, हलत्या बोटीवर टँक पाठीला लावून उभं राहणं हे सगळं पन्नाशीच्या आत. आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेत पाणी वर्षभर दोन ते चार अंश असतं, ड्रायसूट घालून उतरावं लागतं. जायचं तर आता, नाहीतर फोटोत बघायचं. उबदार, संथ लगून मात्र सत्तरीतही होतील.

काही नावं सरळ खोडली. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ एचएमएस हर्मिस ही विमानवाहू नौका आहे, ९ एप्रिल १९४२ ला जपान्यांनी बुडवलेली. वाचायला थरारक, पण ती पन्नास मीटरच्याही खाली. आमच्यासारख्या हौशी डायव्हरची हद्द चाळीसला संपते. त्यापुढचं टेक्निकल डायव्हिंग मला शिकायचं नाही. गालापागोस खोडलं नाही, पण 'लॉटरी लागली तर' या रकान्यात टाकलं.

आणि घरचं? मालवणला इन्स्ट्रक्टर टँक धरून फिरवतो आणि पाव टाकून मासे गोळा करतो, त्या दहा मिनिटांना नाकं मुरडणारे डायव्हर मला आवडत नाहीत. आपल्यातल्या बहुतेकांनी पाण्याखाली पहिला श्वास तिथेच घेतलाय. पावाचं मात्र बंद व्हायला हवं. तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात रीतसर कोर्स होतो, तो करावा. कर्नाटकातलं नेत्राणी बेट हात साफ ठेवायला दरवर्षी करावं असं. आणि माझ्या यादीत कायमचा आहे तो आंग्रिया बँक, म्हणजे समुद्राखालचं प्रवाळाचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या वर आत, माथाच वीसेक मीटर खोल. तिथे नेणारी नेहमीची बोट नाही. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेलं आयएनएस गुलदार निवतीजवळ बुडवून तिथे डायव्हिंग सुरू करायची सरकारची योजना आहे. ते लोखंड, त्यामुळे मला घाई नाही.

सध्या लक्षद्वीपमधल्या कदमत बेटाचं बघतेय, दिवाळीनंतरच्या आठवड्यासाठी. कोचीहून अगत्तीपर्यंत विमान आणि पुढे बोट, एवढं कळलंय. २०२४ च्या तडाख्यानंतर तिथे कोणी उतरलं असेल तर कोणत्या बाजूचा रीफ बरा आहे ते सांगा, आणि परवान्याला खरंच किती दिवस लागले तेही.