मंदीचे वेळापत्रक: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

ठाण्यात घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभरात एकच मजकूर तीन सभासदांनी पाठवला, आणि तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या तोंडीही सध्या तोच आहे. त्याचा गोषवारा असा: नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञांनी सिद्ध केले आहे की मंदी दर दहा वर्षांनी येतेच, १९९८, २००८ आणि २०२० ही त्याची उदाहरणे, शेअर बाजार तिची वर्दी सहा महिने आधी देतो, अमेरिकी रोख्यांचा यील्ड कर्व्ह (वेगवेगळ्या मुदतींच्या रोख्यांवरील परताव्याची रेषा) उलटला की मंदी शंभर टक्के ठरलेली, सबब एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहा गुंतवणूक) थांबवा, मुदत ठेवी मोडा आणि सोने घ्या. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. मात्र दाखला संशोधनाचा दिलेला असल्याने ते संशोधन काय म्हणते, हे एकेक मुद्दा घेऊन तपासायला हवे.

पहिला मुद्दा दहा वर्षांचा. ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या क्लेमां जुग्लार यांनी १८६२ मध्ये व्यापारी संकटांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांच्या नावाचे सुमारे सात ते अकरा वर्षांचे चक्र पुढे रूढ झाले. त्यानंतर इंग्लंडच्या जेव्हन्स यांनी या चक्राचा संबंध सूर्यावरील डागांशी जोडला. डागांमुळे हिंदुस्थानातील पिके बुडतात, इथली मागणी आटते आणि त्याचा फटका इंग्लंडच्या व्यापाराला बसतो, अशी त्यांची मांडणी होती. ती टिकली नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आर्थर बर्न्स आणि वेस्ली मिचेल यांनी १९४६ मध्ये दिलेली व्यापारचक्राची, म्हणजे तेजी-मंदीच्या आवर्तनांची, व्याख्या आजही प्रमाण मानली जाते आणि तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की ही चक्रे पुन्हा पुन्हा येतात, पण ठरावीक अंतराने येत नाहीत. एखादे वर्षभरात आटोपते, तर एखादे दहा-बारा वर्षे चालते. अमेरिकेत १९८० च्या मंदीनंतरची वाढ अवघे बारा महिने टिकली, तर २००९ मध्ये सुरू झालेली १२८ महिने. आपल्याकडे देशाचे उत्पन्न प्रत्यक्ष घटले ते १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि २०२०-२१ यांसारख्या वर्षांत. यातले १९७२ म्हटले की जुन्या पिढीला सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आठवतील. ती घट बाजाराच्या चक्राने नव्हे, न पडलेल्या पावसाने आणली होती, आणि २०२० ची महासाथीने. २००८ मध्ये तर भारताची वाढ मंदावली, उत्पन्न घटले नाही.

दुसरा मुद्दा, शेअर बाजार मंदीची वर्दी आधी देतो हा, अर्धा खरा आहे, म्हणून त्याला जास्त जागा द्यावी लागेल. शेअरचे भाव आणि पुढील काळातील उत्पादन यांत काही संबंध असतो, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ यूजीन फामा यांनी आकडेवारीनिशी दाखवले आहे. उलट कंपन्यांच्या लाभांशात पुढे जितके चढउतार होतात, त्याच्या कितीतरी पट शेअरचे भाव हलतात, हे रॉबर्ट शिलर यांनी १९८१ मध्ये दाखवले. २०१३ चे नोबेल ज्यांना विभागून मिळाले त्यांत हे दोघेही होते, तेव्हा ‘नोबेलविजेत्यांनी सिद्ध केले’ म्हणताना कोणत्या नोबेलविजेत्याने, हे विचारणे गैर ठरू नये. शेअर बाजाराने गेल्या पाच मंद्यांपैकी नऊ आधीच सांगितल्या, अशा आशयाची अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांची १९६६ मधील कोपरखळी प्रसिद्धच आहे. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअर निर्देशांक एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक कोसळला. अमेरिकेत मंदी आली ती १९९० मध्ये.

आपल्याकडील दाखले याहून बोलके आहेत. १९९१-९२ मध्ये परकीय चलनाच्या संकटामुळे देशाची वाढ दीड टक्क्याच्याही खाली गेली होती, आणि त्याच वर्षी जानेवारीत दोन हजार ओलांडणारा सेन्सेक्स मार्चअखेर चार हजारांवर पोहोचला. तो का चढला, हे पुढे उघड झालेल्या, बँकांचा पैसा शेअर बाजारात वळवणाऱ्या रोखे घोटाळ्याने सांगितले. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्सने ४२ हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हा वागळे इस्टेटमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका परिचितांच्या वर्कशॉपमध्ये मी बसलो होतो. चार पॉवर प्रेसपैकी दोनवर ताडपत्री टाकलेली होती, दुसरी पाळी दिवाळीपासून बंद होती, आणि ४५ दिवसांच्या बोलीवर दिलेल्या मालाचे पैसे शंभर दिवस उलटले तरी आले नव्हते. सेन्सेक्समधील तीस कंपन्यांत असे वर्कशॉप येत नाही. तिथे मोठ्या बँका असतात आणि परदेशातून कमावणाऱ्या आयटी कंपन्या असतात.

त्या वर्कशॉपची अडचण ज्या दिशेने, म्हणजे कर्जपुरवठ्याच्या बाजूने, आली, त्याविषयी फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही, आणि माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत भक्कम संशोधन तिथेच आहे. बँका बुडाल्याने कर्जपुरवठा आटला आणि त्यातून १९३० च्या दशकातील महामंदी अधिक खोल व लांब झाली, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ बेन बर्नांके यांनी १९८३ मध्ये मांडले. २०२२ चे नोबेल मिळण्यामागे तेच काम होते. मोरित्झ शुलारिक आणि ॲलन टेलर यांनी २०१२ मध्ये चौदा देशांची १८७० पासूनची आकडेवारी तपासून दाखवले की आर्थिक संकटाची खरी पूर्वसूचना कर्जाच्या बेसुमार वाढीत असते. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीने देणी थकवल्यावर बिगरबँक वित्तसंस्थांचा हात आखडला आणि त्याची झळ बांधकाम व वाहनविक्री दोहोंना बसली. आमच्या गच्चीवरून दिसणारी एक इमारत तेव्हा अकराव्या स्लॅबवर थांबली, आणि उघड्या पडलेल्या सळ्या दोन पावसाळे गंजत राहिल्या.

यील्ड कर्व्हचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. लांब मुदतीच्या रोख्यांवरील परतावा अल्प मुदतीच्या परताव्याखाली गेला की अमेरिकेत मंदीची शक्यता वाढते, हे अमेरिकेतील संशोधक कॅम्पबेल हार्वे यांनी १९८६ च्या प्रबंधात दाखवले आणि त्यानंतर ते बराच काळ खरे ठरले. पण २०२२ मध्ये तो उलटला, दीर्घकाळ उलटाच राहिला, आणि २०२३ व २०२४ ही दोन्ही वर्षे अमेरिकेने मंदीविना काढली. या वेळची खूण फसवी असू शकते, असे खुद्द हार्वे यांनीच २०२३ च्या सुरुवातीला म्हटले होते. शिवाय भारतात ही खूण जशीच्या तशी वाचता येत नाही, कारण इथे बँकांना ठेवींच्या १८ टक्के रक्कम प्रामुख्याने सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते, आणि त्यामुळे त्या रोख्यांचा परतावा निव्वळ बाजाराच्या अंदाजावर ठरत नाही.

राहिला सल्ला. अमेरिकेतील मंद्यांच्या तारखा ठरवणाऱ्या समितीने डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी १ डिसेंबर २००८ रोजी जाहीर केली; ज्यांचे कामच ते आहे, त्यांना वर्ष लागले. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २६ हजारांखाली बंद झाला, तेव्हा ज्यांनी घाबरून विकले, त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये तोच सेन्सेक्स ५० हजारांवर पाहिला. सोने घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. पण फॉरवर्ड वाचून मुदत ठेव मोडणाऱ्याचे बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, सोन्यावर तीन टक्के जीएसटी पडतो, दागिना घेतला तर घडणावळ वेगळी, आणि हा खर्च मंदी येवो न येवो, त्याच दिवशी होतो.