उतारवयातल्या बैठका

रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणाऱ्यांचे एक दृश्य मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली सात वर्षे, रोज पाहतो आहे. तळ्याभोवतीची फेरी पूर्ण करून आलेला, मोबाईलवरचा पावलांचा आकडा अभिमानाने दाखवणारा गृहस्थ पाच मिनिटे बाकावर टेकतो आणि निघायची वेळ झाली की दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवून, एक-दोन झोके घेऊन, ‘आई गं’ म्हणत उठतो. इतके चालणाऱ्या माणसाला उठताना हातांचा आधार का लागावा, हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर कधी कोणाला पडला नाही. मलाही पडला नव्हता. तो पडला माझ्या आईमुळे, आणि त्यानंतर जे वाचले व करून पाहिले त्यावरून माझे एक ठाम मत झाले आहे. उतारवयातला व्यायाम म्हणजे चालणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत; त्यापायी मांड्यांमधली ताकद, जिच्यावर म्हातारपणातले बरेचसे स्वावलंबन उभे असते, ती मात्र आपल्या डोळ्यांदेखत निघून जाते.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या ८४व्या वर्षी, आईला न्यूमोनिया झाला आणि दहा दिवस रुग्णालयात राहावे लागले. उपचार चांगले झाले, फुप्फुसे साफ झाली, ताप गेला. पण त्या दहा दिवसांत ती पडेल, सलाईनची सुई निघेल, दम लागेल, अशा धास्तीने तिला खाटेवरून जवळजवळ उतरूच दिले नाही. यात रुग्णालयाला एकट्याला दोष देता येणार नाही, कारण ‘आई, तू उठू नकोस, मी देतो’ हे वाक्य सर्वांत जास्त वेळा मीच उच्चारले होते. आजाराच्या आदल्या आठवड्यापर्यंत विळी घेऊन जमिनीवर बसणारी, मेथी निवडून झाल्यावर भिंतीला हात लावून उठणारी आई घरी परतली तेव्हा तिला जेवणाच्या खुर्चीतून उठता येईना. न्यूमोनियाचे तिने फारसे मनावर घेतले नाही. कमोडवरून उठण्यासाठी सुनेला हाक मारावी लागते, हे मात्र तिला फार लागले.

अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दल मी नंतर वाचले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कोणताही आजार नसलेल्या, सरासरी ६७ वर्षे वयाच्या काही स्त्री-पुरुषांना दहा दिवस केवळ अंथरुणावर ठेवण्यात आले होते, आणि तेवढ्यात त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस, म्हणजे स्नायू, कमी झाले. ती माणसे निरोगी होती आणि आईपेक्षा सतरा वर्षांनी लहान होती, हे लक्षात घेतले म्हणजे आईचे काय झाले असेल याचा अंदाज येतो. वयानुसार स्नायू झिजण्याच्या या प्रक्रियेला डॉक्टर ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. ही झीज तिशीनंतर अगदी हळू सुरू होते आणि साठीनंतर वेग धरते. तिच्यातली खरी मेख अशी की स्नायू जितका कमी होतो त्याहून त्याची ताकद अधिक वेगाने घटते, आणि तोल गेल्यावर झटकन पाय टाकून सावरण्यासाठी जे जलद आकुंचन पावणारे तंतू लागतात, त्यांनाच आधी आणि जास्त फटका बसतो. म्हातारी माणसे पाय घसरून पडतात असे आपण म्हणतो. पाय तरुणांचेही घसरतात, पण तरुण सावरतात.

आईसाठी घरी येऊ लागलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने पहिल्या दिवशी यंत्र काढले नाही की तेल काढले नाही. तिने जेवणाच्या खुर्चीवर दोन उश्या एकावर एक ठेवल्या, आईला त्यावर बसवले आणि म्हणाली, “आज्जी, टाचा मागं घ्या, हात छातीवर, आता नाक पायाच्या बोटांवर येईस्तोवर पुढं वाका आणि उठा.” आई तिच्याकडे बघून म्हणाली, “पोरी, मला तालमीत घालायला आलीस व्हय?” त्या दिवशी चार वेळा उठणे झाले, त्यातही चौथ्या वेळी मी पाठीमागून हात लावला होता. तिसऱ्या आठवड्यात एक उशी निघाली, दोन महिन्यांनी दुसरी, आणि साडेतीन महिन्यांनी आई नुसत्या खुर्चीवरून, हात छातीवर बांधून, सलग बारा वेळा उठली. सुनेला हाक मारणे त्याआधीच बंद झाले होते.

तालमीचा उल्लेख आईने चेष्टेने केला, पण तो अगदी नेमका होता. आपले कोल्हापूर तालमींचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले, आणि गंगावेस, मोतीबाग यांसारख्या तालमींत आजही पहाटे पोरे घामाने निथळत जोर-बैठका मारतात. खुर्चीतून उठणे आणि पुन्हा सावकाश बसणे ही अर्धी बैठकच आहे. स्नायू तेच, हालचाल तीच, फक्त खोली कमी. असे असूनही याच गावात साठी उलटलेल्या माणसाला कोणी ‘बैठका मारता का’ असे विचारत नाही. विचारले तर तो थट्टाच समजेल, आणि बाई असेल तर कदाचित रागावेल.

‘या वयात ताकद कुठून वाढणार’ हा आक्षेप सर्रास घेतला जातो, आणि त्याला उत्तर १९९० सालीच मिळालेले आहे. बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धनिवासातील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला, आणि वजनही नावापुरते नव्हे, तर त्यांच्या कुवतीच्या मानाने चांगले जड. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. नव्वदीतल्या स्नायूलाही काम सांगितले तर तो ऐकतो, हे त्यातून दिसले. त्याच अभ्यासातली दुसरी बाब मात्र फारशी सांगितली जात नाही: व्यायाम थांबवल्यावर अवघ्या चार आठवड्यांत कमावलेल्या ताकदीला मोठी ओहोटी लागली.

ही दुसरी बाब कोल्हापूरकरांना खरे तर कोणी सांगायला नको. ऐन उमेदीत शेकड्यांनी बैठका मारणारा, गावोगावची मैदाने गाजवणारा मल्ल पुढे व्यायाम सोडतो, खुराक मात्र तसाच ठेवतो, आणि साठीत गुडघे, साखर व रक्तदाब घेऊन दवाखान्यात बसलेला दिसतो. असे दोघे-तिघे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. अमेरिकेत राल्फ पॅफेनबर्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७ हजार माजी विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तेव्हा त्यांनाही हेच आढळले. महाविद्यालयात खेळाडू असण्याने हृदयविकारापासून संरक्षण मिळत नव्हते. ते मिळत होते पुढच्या आयुष्यात हालते राहणाऱ्यांना, मग ते विद्यार्थिदशेत मैदानाकडे फिरकले नसले तरी चालत होते. ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी व्यायाम केला नाही, त्यांना ही बातमी फार दिलासा देणारी आहे, आणि मी त्यांच्यापैकीच एक आहे.

स्नायूंचा संबंध केवळ उठण्या-बसण्याशी नाही. जेवणानंतर इन्शुलिनच्या प्रभावाने रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा मोठा वाटा स्नायूंमध्ये जातो. स्नायू कमी असतील तर साखर ठेवायला जागाच अपुरी पडते. आपल्या लोकांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचे स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ आणि आतून स्थूल अशी आपली ठेवण आहे. ‘माझे वजन तर लग्नात होते तेवढेच आहे’ असे समाधानाने सांगणाऱ्या माझ्या मित्रांना मी हल्ली विचारतो की त्यातले स्नायू किती उरले आहेत. मित्रांची संख्या त्यामुळे थोडी घटली आहे.

चालण्याला मी कमी लेखतो असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. हृदय, रक्तदाब, झोप आणि मन या सर्वांसाठी चालणे उत्तम आहे, आणि ज्याने अजून काहीच सुरू केलेले नाही त्याने तेथूनच सुरुवात करावी. शिवाय त्यासाठी रोज दहा हजार पावले टाकलीच पाहिजेत असेही नाही. तो आकडा मुळात १९६०च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमधले मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे अधिकचा फायदा दिसला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की सपाट रस्त्यावर चालताना मांडीला जेवढी ताकद लागते, त्यापेक्षा खुर्चीतून उठायला, जिना चढायला आणि ठेच लागल्यावर सावरायला कितीतरी अधिक लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहेच, पण त्यासोबत दोन दिवस स्नायू बळकट करणारा आणि तीन दिवस तोल व ताकद दोन्हींवर भर देणारा व्यायामही सांगितला आहे. आपण पहिला भाग उचलला आणि उरलेला सोयीस्करपणे विसरलो.

तीस सेकंदांत हात छातीवर बांधून खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते, अशी एक साधी चाचणी आहे. ६५ ते ६९ या वयोगटात पुरुषांचे १२हून आणि स्त्रियांचे ११हून कमी भरले तर ते सरासरीपेक्षा कमी मानतात आणि पडण्याची जोखीम अधिक समजतात. आईची प्रगती पाहून फुशारलेल्या मी ही चाचणी स्वतःवर केली तेव्हा माझे नऊ भरले. रोज फेरी मारणारा, साखर-रक्तदाब काबूत असलेला मी, नऊ! पत्नीचे अकरा भरले, आणि त्याचा उल्लेख आमच्या घरी आजतागायत होतो.

गुडघेदुखीचे काय, हा प्रश्न येणारच. गुडघ्याच्या संधिवातात मांडीचे स्नायू बळकट करणे हा उपचाराचाच भाग मानला जातो, मात्र त्यासाठी खोल बैठक मारायची नसते. उंच खुर्चीपासून, उश्या ठेवून, दुखणे सोसवेल तेवढ्यातच सुरुवात करायची असते. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि उठताना चक्कर येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि जवळ कोणी असू द्यावे. श्वास कोंडून जोर लावू नये. वाटीभर डाळ, दही, अंडे, असे काहीतरी ताटात वाढवावे लागते हेही खरे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेही विचारूनच.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचते ते आपले प्रेम. साठीशांतीला मुले आराम खुर्ची आणतात. पाट गेले, विळीच्या जागी सुरी आली, जेवण टेबलावर आले, आणि ज्या खाली बसण्या-उठण्यातून पूर्वी दिवसभरात आपोआप वीस-पंचवीस बैठका होत, त्या घरातून हद्दपार झाल्या. हे बदल चुकीचे आहेत असे नाही. कमोडमुळे कितीतरी म्हाताऱ्यांचे हाल वाचले. पण जे श्रम काढून घेतले त्यांच्या बदल्यात काहीच ठेवले नाही. पाण्याचा तांब्या उचलायला वाकलेल्या आजीच्या हातून तांब्या काढून घेणे हा आपल्याकडे चांगल्या सुनेचा गुण समजला जातो. आईने आता घरात बजावून ठेवले आहे की तिला उठताना कोणी हात द्यायचा नाही, आणि हात पुढे गेलाच तर ती तो चक्क झटकते. पाहुण्यांना ते विचित्र वाटते.

रंकाळ्यावर आमच्या कट्ट्याने आता चहाआधी बाकावरून दहा वेळा उठण्याचा नियम केला आहे. मोजण्याचे काम एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे आहे आणि स्वतः दमले की ते ‘सात’ दोनदा मोजतात, असा सर्वांचा संशय आहे. घरच्या खुर्चीपेक्षा तो बाक चांगला चार बोटे खाली आहे, त्यामुळे घरी पंधरा मारणारे तिथे आठातच कुरकुरू लागतात. बाक उंच करून मिळावा असा अर्ज महापालिकेला करावा, अशी सूचना एका सदस्याने मांडली आहे. ती दर आठवड्याला मतास टाकली जाते आणि आतापर्यंत प्रत्येक वेळी एक-दोन मतांनी फेटाळली गेली आहे.