नुसतं ‘नाही’ म्हणून झडती टळत नाही
अमेरिकेत चालकाने नकार दिला की पोलिसांना गाडीची झडती घेताच येत नाही, असं एका लेखात म्हटलंय. हे अर्धंच खरं आहे. गाडीत गुन्ह्याचा पुरावा असल्याचं सबळ कारण असेल तर वॉरंट लागत नाही आणि संमतीही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या १९२५ च्या कॅरोल खटल्यापासून हेच चालत आलंय. नुसता वेग जास्त होता, हे मात्र सबळ कारण नव्हे. वेगळा संशय नसताना, दंडाची पावती देऊन झाल्यावर श्वानपथकासाठी गाडी थांबवून ठेवणंही त्याच न्यायालयाच्या २०१५ च्या रॉड्रिग्ज निकालानं बेकायदा ठरवलं.

मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘डिकी बघू का?’ विचारताना ‘तुम्ही नकार देऊ शकता’ हे सांगायला पोलीस संविधानाने बांधलेले नाहीत. रात्री तोंडावर टॉर्च मारलेला असताना कितीजण नाही म्हणतील? तरी म्हणावं. शांतपणे, हात स्टिअरिंगवर ठेवून. झडती झालीच, तरी ‘यांनी संमती दिली होती’ असं कोर्टात म्हणायला त्यांना जागा राहत नाही.