मत्सर असा जपावा, पाळकसाहेब

पाळकसाहेब, आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्हाला मत्सर वाटत नाही. तुम्हाला मंडळीची, म्हणजे तुमच्या चर्चमधल्या माणसांची, काळजी वाटते.

गेल्या रविवारी तुम्ही तापाने आडवे होतात, म्हणून तरुण संघातल्या त्या पोराने संदेश दिला. उपासना सुटल्यावर एक म्हातारी तुमच्याच खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "पोरगो बरो बोललो हां!" तेव्हा पोटात जे ढवळलं ते पित्त नव्हतं, रात्रीच्या पेजेचाही दोष नव्हता. ती काळजी होती. बावीस वर्षं तुम्ही त्याच पुलपिटावरून बोलताय आणि त्या म्हातारीने आजवर तुम्हाला एवढंच म्हटलंय, "आज येळेर सुटला हां, पाळकसायबानू." तिला आत्मिक गोष्टींतलं कळत नाही, हे तुम्ही तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता हिशेब ठेवायला शिका. तुमच्या रविवारी बाकं रिकामी दिसली तर कारणं असतात: आंब्याला फवारणी होती, बंदरात मासळी लागली होती, मुंबईकर आले होते, पाऊस होता, पाऊस नव्हता. त्याच्या रविवारी बाकं भरली तर ती नुसती हवा असते. संदेश देताना डोळे शास्त्रावर ठेवायचे असतात हे खरं, पण एक डोळा दारावर ठेवून माणसं मोजता येतात. मी अनेकांना मोजताना पाहिलंय.

त्याला थेट विरोध करू नका. विरोध केला की लोकांना कळतं. त्यापेक्षा प्रार्थना करा, तीही मोठ्याने आणि सगळ्यांसमोर. आपल्या कोकणात गाऱ्हाण्याची कला आहेच. देवाचं नाव घेत शेजाऱ्याचं बरोबर कुठे चुकतंय ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आपल्याकडे तिथे "आमेन" म्हणतात, एवढाच फरक. "प्रभू, आमच्या तरुण बंधूला नम्रता दे." बास. नम्रता दे म्हटलं की ती त्याच्याकडे नाही हे आपोआप जाहीर होतं, आणि देवाशी बोलणाऱ्याला मधे कोण अडवणार?

मानपानाचं जरा सविस्तर सांगतो, कारण तो आपला घरचा विषय आहे. गावाच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ आधी कोणाचा, यावर इथे पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण मानकरीपण त्या पाण्यात काही विरघळलं नाही. आता पालखीच्या जागी संजीवन सभेचा फ्लेक्स आलाय. नाव कितव्या ओळीत आहे, फोटो केवढा आहे, नावाआधी 'रेव्हरंड' पूर्ण लिहिलंय की नुसतं 'रेव्ह.', हे नीट तपासा. आणि हो, अशा सभेत बायबलातल्या बर्णबावर चुकूनही बोलू नका. तो माणूस स्वतः तार्सास गेला, शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, शोधून अंत्युखियाला घेऊन आला, आणि प्रेषितांची कृत्यं तेराव्या अध्यायात 'बर्णबा व शौल' अशी सुरू झालेली जोडी तो अध्याय संपायच्या आत 'पौल व बर्णबा' झाली! फ्लेक्सवर नाव खाली गेलं तरी त्याने छापखान्यात फोन केल्याची नोंद नाही. असली उदाहरणं मंडळीत पसरू देणं धोक्याचं.

जुन्या करारातल्या शौल राजावर, तरुण दाविदाच्या मत्सराने त्याच्यावर भाला फेकणाऱ्या त्या दुसऱ्या शौलावर, मात्र खुशाल बोला. फक्त स्वतः दावीद आहोत असं धरून बोला. सगळे तसंच धरतात. साठी उलटलेला, निवासस्थान, दप्तर आणि सगळ्या कमिट्या हातात असलेला माणूस "माझ्यावर भाला फेकला जातोय" असं म्हणतो, आणि समोर कीबोर्डवर बसलेला बावीस वर्षांचा पोरगा मान खाली घालून ऐकतो. शौलासमोर वीणा कोण वाजवत होता, हा तपशील वगळा.

गाण्यांचा प्रश्न टिळकांवर सोपवा. "ही नवी गाणी कशाला? आपली रेव्हरंड टिळकांची भजनं काय कमी आहेत?" 1861 साली आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी मिशनच्या चालीची भाषांतरित गीतं चालू असताना मंडळीत अभंग आणि कीर्तन आणलं, म्हणजे त्यांच्या काळचे नवी गाणी आणणारे तेच होते. पण हे तुम्ही सांगितलं नाहीत तर पोरांना कोण सांगणार आहे?

शेवटचा उपाय कपाटाचा. तो खात्रीचा आहे, कारण माझ्या हातचा आहे. आमच्या मंडळीत मी अकरा वर्षं वडील, म्हणजे कारभार बघणारा एल्डर, होतो. मुंबईच्या एका कुटुंबाने कीबोर्ड भेट दिला, तो एक पोरगा वाजवू लागला, आणि लोक गाताना माझ्याऐवजी त्याच्याकडे बघू लागले. मी कमिटीत मुद्दा मांडला: समुद्र दोनशे पावलांवर, खारी हवा, भारी वस्तू, बाहेर राहिली तर बिघडेल. ठराव एकमताने झाला. कीबोर्ड लोखंडी कपाटात, चावी माझ्या कनवटीला. पोराने आठवड्यातून दोनदा सरावासाठी यायचं, मी घरी नसायचं. कोणी कोणाला एक शब्दही वावगा बोललं नाही. पुढे त्याला वसईकडे नोकरी लागली. निरोपसमारंभात शाल आणि नारळ मीच दिला, आणि "ह्याला आम्हीच घडवला" असं सांगताना माझा आवाजही भरून आला.

नाताळच्या आधी कपाट उघडलं. कीबोर्डच्या सात-आठ पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत, आणि वायरच्या पिना हिरव्या पडल्यात.

खारी हवा. मी कमिटीत म्हटलंच होतं.